सनद कपाटात, पदवी कामावर

नागपुरातल्या कुठल्याही लग्नात मला हमखास विचारलं जातं, "कोर्टात कोणत्या साइडला असतेस? सिव्हिल की क्रिमिनल?" मी सांगते, कोर्टात नसते, कंपनीत असते. समोरचा क्षणभर गप्प होतो. मग ताटातला वडाभात कालवता कालवता पुढचा प्रश्न येतो, "मग एलएलबी काहून केलं होतं?"

इंजिनिअरिंग करून बँकेत बसलेल्या पोराला असं कोणी विचारत नाही. कायद्याची पदवी म्हणजे काळा कोट, हे मात्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. नागपुरात तर जास्तच, कारण सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाचं खंडपीठ आहे आणि हिदायतुल्ला, शरद बोबडे, भूषण गवई असे तीन सरन्यायाधीश ज्या बारमध्ये वकिली करून पुढे गेले तो हाच बार. इथल्या पोरांसमोरचा आदर्श ठरलेला. त्या वाटेवर न जाणारा म्हणजे जमलं नाही म्हणून सोडून दिलेला.

माझी भाची यंदा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत तिनं विचारलं, "मावशी, मला कोर्ट आवडत नाही. मग माझी पाच वर्षं वाया गेली का?" तिला जे दोन-तीन बैठकांत सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते.

पदवी वेगळी, सनद वेगळी

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. एलएलबी ही विद्यापीठाची पदवी. ती एकदा मिळाली की मिळाली, कोणी काढून घेत नाही. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. तो अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली राज्याची बार कौन्सिल देते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. त्याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, तेव्हा कुठे वकिली कायम राहते.

नोंदणीसाठी काही राज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या: ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५. पैशासाठी सनद काढायची राहिली, असं निदान आता होऊ नये.

आता खरा कळीचा मुद्दा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ४९ क्रमांकाचा एक नियम आहे. वकिली करणाऱ्यानं पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. नोकरी धरलीच तर बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. थांबवायची, सोडायची नव्हे. शेत दोन वर्षं पडीक ठेवलं म्हणून सातबारा दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तसंच हे. नोकरी सुटली की अर्ज करून पुन्हा कोट घालता येतो. माझी सनद आज सहा वर्षं कपाटात आहे, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फाइलमध्ये.

याचा एक परिणाम फार कमी लोकांना माहीत असतो. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहण्याला कायद्याचं जे भक्कम संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी विधी अधिकाऱ्याला तसंच्या तसं मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२५ ला हे स्पष्ट केलं. कारण तेच, पगारी नोकर हा त्या अर्थानं स्वतंत्र वकील नाही. त्यामुळे कंपनीच्या ईमेलवर साहेबाला काय लिहायचं आणि काय फोनवर सांगायचं, हे आमच्या धंद्यात फार लवकर शिकावं लागतं.

मग सनद काढायची की नाही? माझं मत, काढून ठेवावी. सरकारी बँकांच्या विधी अधिकारी पदासाठी कायद्याच्या पदवीबरोबर बार कौन्सिलकडे नोंदणीही मागतात. आणि आधी नोकरीत शिरून मग सनद काढायला गेलात तर अडचण होते, कारण मी कुठे नोकरीत नाही असं अर्जात लिहून द्यावं लागतं. क्रम उलटा करू नका.

न्यायाधीश व्हायचं असेल तर मात्र नुसती सनद पुरत नाही. २० मे २०२५ च्या निकालानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक, म्हणजे लॉ क्लार्क, म्हणून केलेलं काम त्यात धरतात. कंपनीतली नोकरी धरत नाहीत. भाचीच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हे ऐकलंय, पण कंपनीत तीन वर्षं काढून मग परीक्षेला बसू असं अजूनही म्हणतात. नाही बसता येणार.

भांडण व्हायच्या आधीचं काम

मी तीन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा, तारखा घ्यायच्या, सर्टिफाइड कॉपीसाठी रांगेत उभं राहायचं. मिळायचं ते पेट्रोलला पुरायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नाही. बाकी तुम्ही समजून घ्या. त्या तीन वर्षांना मी नावं ठेवणार नाही. भांडण कोर्टात गेल्यावर कागदाचे कसे हाल होतात, ते तिथेच दिसलं.

नंतर हिंगण्याच्या एमआयडीसीत यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत विधी विभागात लागले. 'विभाग' म्हणजे मी आणि एक कपाट. तिथलं काम असं: चेन्नईचा एक पुरवठादार करारनामा पाठवतो, पंचवीस पानांचा. आमचे खरेदीवाले किंमत आणि तारीख बघून सही करायला निघालेले असतात. एकविसाव्या पानावर एक ओळ असते, वाद झाल्यास लवाद चेन्नईला. ती ओळ तशीच राहिली आणि उद्या दहा लाखांचा माल सदोष निघाला, तर आमच्या माणसाला प्रत्येक तारखेला चेन्नई गाठावी लागेल. वकीलही तिथलाच करावा लागेल. दहा लाखांसाठी तीन लाख खर्च कोण करेल? म्हणजे त्या एका ओळीनं आमचा हक्क कागदावर ठेवून प्रत्यक्षात काढून घेतलेला असतो. मी ती ओळ बदलायला लावते. एवढंच माझं काम. पण ते वेळेवर केलं तर खटला उभाच राहत नाही.

दुसरं उदाहरण, उलट्या बाजूचं. छोट्या कारखानदारांचं बिल थकवलं तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं ४५ दिवसांच्या पुढे मुदत घेता येत नाही. करारात नव्वद दिवस लिहिले तरी नाही. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ, दर महिन्याच्या हिशेबानं. हे लेखा विभागाला पटवायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

कोर्टातला वकील झालेलं भांडण लढतो, आणि जिंकला की अशील पेढे घेऊन येतो. न झालेल्या भांडणाचे पेढे कोणी आणत नाही. ज्याला दाद हवी असते, त्याला या नोकरीत करमत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

करारांशिवाय आणखी बरंच असतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि तिच्यावर बाहेरचा एक सदस्य लागतो, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. कायदा शिकलेल्यांना हे काम चांगलं जमतं, आणि त्याला सनद लागत नाही. चौकशी कशी करायची, दोन्ही बाजूंचं कसं ऐकायचं, नोंद कशी ठेवायची, हे शिकवणारे लोक छोट्या कंपन्यांना सापडतच नाहीत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. ग्राहकांची माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. तेव्हा दवाखाने, शाळा, दुकानांची ॲप, सगळ्यांनाच कोणीतरी समजावून सांगणारा लागणार आहे. कायद्याबरोबर कंपनी सेक्रेटरीची परीक्षा दिली असेल तर उत्तमच. १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला, ती खासगी असली तरी, पूर्णवेळ सीएस ठेवावाच लागतो.

जमीन वाचता येणं

नागपूरकर पोरांना मी सगळ्यात जास्त जीव तोडून हे सांगते. बँका, बिल्डर, सौर प्रकल्प टाकणाऱ्या कंपन्या, कोळसा खाणी, गोदामं, सगळ्यांना जमीन लागते. आणि विदर्भातली जमीन वाचणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. बँकेसाठी टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी, तिच्या पॅनेलवरचा वकीलच करतो, ते खरं. पण कंपनीच्या किंवा बँकेच्या आत बसून तो अहवाल वाचणारा, त्यातली भोकं शोधणारा आणि नाही म्हणणारा माणूस पगारी असतो.

साधारण तीस वर्षं मागं जायची पद्धत आहे. आजच्या सातबाऱ्यावरून सुरुवात करायची आणि एकेक फेरफार धरून मागं जायचं. हे नाव कसं लागलं? खरेदीनं, वारसानं, वाटणीनं? खरेदी असेल तर दस्त नोंदणीकृत आहे का? वारस असेल तर मुलींची नावं कुठे गेली? भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर विकायला परवानगी घेतली होती का? शहरात आलात तर आणखी मजा. मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका, नगर भूमापन, नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, आर.एल. (भूखंड नियमित केल्याचं पत्र) मिळालाय की नाही. १९०० आणि ५७२ लेआउट हे आकडे नागपूरबाहेरच्या वकिलाला सांगून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. हे आकडे गुंठेवारीखाली नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटचे.

आणि झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या जुन्या महसुली कागदांत हजारो हेक्टरपुढे ही नोंद आहे. प्रत्यक्षात तिथे कुठे झुडपं, कुठे वस्ती, कुठे चक्क सरकारी इमारत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की या जमिनी वनच धरायच्या. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांसाठी वाट ठेवली, नंतरच्यांची कडक छाननी. आता विचार करा. एखादा उद्योजक पंधरा एकर घेतोय, जागा हायवेला लागून, भाव एकदम रास्त. भाव रास्त का आहे ते जुन्या कागदातल्या त्या दोन शब्दांत असतं, आणि ते दोन शब्द शोधणारा माणूस त्याचे काही कोटी वाचवतो.

हे काम पुस्तकातून येत नाही. तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक अशा फेऱ्या मारून येतं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममधल्या मुलांना हे येत नाही, आणि तुमच्याकडे असलेला हा एक मोठा फायदा आहे.

मराठी येतं? मग बसा

जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. म्हणजे खालून वर जाणाऱ्या प्रकरणातला मराठी कागद कोणीतरी इंग्रजी करायला हवा: कैफियत, जबाब, पंचनामा, हुकूमनामा, दरखास्त. निकाल उलट दिशेनं मराठीत आणायचंही काम वाढलंय. सर्वोच्च न्यायालय त्यासाठी यंत्राची मदत घेतं, पण यंत्रानं केलेलं तपासायला माणूस लागतोच. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता वगैरे तीन नवे कायदे आले आणि कलमांचे जुने आकडे तोंडपाठ असलेले सगळेच नव्यानं शिकताहेत.

यात अडचण काय, ते एका शब्दावरून कळेल. विक्रीच्या करारनाम्यात लिहिलंय, "ताबा दिला आहे." अनुवादकानं घाईत त्याचं भविष्यकाळी केलं, म्हणजे ताबा देण्यात येईल. फरक काळाचा दिसतो. पण पहिल्यात जमीन घेणाऱ्याच्या हातात गेलेली असते, दुसऱ्यात ती अजून देणाऱ्याकडेच असते. एका क्रियापदात एवढा फरक. "करील" आणि "करू शकेल" यांचंही तेच. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मुभा. भाषा चांगली असलेल्या पण कायदा न शिकलेल्या माणसाला हे दिसत नाही, आणि कायदा शिकलेल्या पण मराठी शाळेनंतर सोडलेल्या माणसालाही दिसत नाही. दोन्ही येणारे थोडे आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कॉलेजात जे लाजल्यासारखं होतं, ते इथे नेमकं उलटं होतं.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

बौद्धिक संपदेचं म्हणाल तर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे, हे इथल्या पोरांनाही ठाऊक नसतं. एक खबरदारी: पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, नुसती एलएलबी चालत नाही. बीएस्सी करून मग लॉ केलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. ट्रेडमार्कला ती अट नाही.

सार्वजनिक क्षेत्रात वेकोलि (कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि मॅंगनीज काढणारी मॉइल या दोन्हींची मुख्यालयं आपल्याच गावात. कोळशासाठी जमीन १९५७ च्या एका वेगळ्याच कायद्यानं संपादित होते, त्यामुळे मोबदला, नोकरी, वारस यांचे वाद कधी संपत नाहीत. अनेक सरकारी कंपन्या विधी अधिकारी घेताना क्लॅट या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेपैकी पदव्युत्तर परीक्षेचे गुण बघतात. ती परीक्षा फक्त एलएलएमसाठी असते हा गैरसमज. सैन्याच्या जॅग, म्हणजे कायदा शाखेलाही आता ते गुण लागतात, शिवाय पदवीला ५५ टक्के, वय २७ च्या आत, आणि एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत.

धोरणाची आवड असेल तर पीआरएस ही संस्था २०१० पासून खासदारांसोबत वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप देते. पगारासाठी जाऊ नका, बघायला मिळतं म्हणून जा.

आणि एक वाट जिच्याबद्दल लग्नात कोणीच विचारत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली. तसे दावे तयार करायचे म्हणजे नकाशे, जुने निस्तारपत्रक (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद), म्हाताऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव, आणि वरून आलेल्या नकाराला मुद्देसूद उत्तर. यात काळा कोट कुठेच नाही, पण कायदा पानोपानी आहे. माझी एक वर्गमैत्रीण हे करते. तिच्याइतका कायदा आमच्या बॅचमध्ये कोणाला येत नसेल, आणि तिच्या आईला अजून वाटतं की पोरगी काहीच करत नाही.

शिकवणं, नेट-सेट, एलएलएम याबद्दल सगळ्यांना माहिती असते, म्हणून सोडून देते. मध्यस्थीचा कायदा २०२३ मध्ये आला. काम वाढेल असं वाटतं, पण बावीस वर्षांच्या पोराला मध्यस्थ म्हणून कोण बसवेल? ते पन्नाशीचं काम आहे.

भाचीनं हे सगळं ऐकून विचारलं, "पण सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, आधी अर्ज-बिर्ज राहू दे. घरच्या एका जमिनीचा इतिहास दोन पानांत लिहून आण. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत मिळतो. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढ. मग ती दोन पानं कोणत्याही मुलाखतीत पुढे ठेवता येतील.

तिनं तिच्या आजोबांच्या काटोलकडच्या संत्र्याच्या शेताचा घेतला. तीन आठवडे लागले. १९७१ च्या वारस फेरफारात आजोबांच्या बहिणीचं नाव होतं. १९७४ च्या फेरफारात ते कमी झालं, कारण म्हणून पटवाऱ्यापुढचा एक जबाब, अंगठा आणि "राजीखुशीनं हक्क सोडला" एवढं एक वाक्य. नोंदणीकृत हक्कसोड पत्र तिला कुठेच सापडलं नाही. ती आजी आता नाही, पण तिच्या दोन मुली वरुडला आहेत.

भाचीनं दोन पानं नीट टाइप करून वडिलांना दाखवली. ते वाचून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे काहून उकरून काढलंस?"